नऊ रेघा

३ मार्च, सोमवार

ट्रेनिंगच्या बाईंनी निरोप देताना एक उपाय सांगितला. कामावरून आलात की त्या दिवशी कशाची भीती वाटली ते कागदावर लिहायचं आणि कागद फाडून टाकायचा. लिहिणं जमेल. फाडणं काही जमणार नाही, कारण ही वही माझ्या लेकीची, चिंगीची आहे, मागची अर्धी कोरी राहिलेली, आणि वहीची पानं फाडू नकोस म्हणून मीच त्या पोरीच्या मागे लागलेली असते.

आजची भीती: शिडी. पासष्ट मीटर उभी शिडी, पवनचक्कीच्या मनोऱ्यात आतून लावलेली. आतून बाहेरचं दिसत नाही म्हणून भीती वाटत नाही असं ज्यांनी मला सांगितलं, त्यांना एकदा पट्टे बांधून चढवायला हवं. अर्ध्यावर गेलं की अख्खा मनोरा डुलतो. मी खालच्या दादाला ओरडून विचारलं, हे असंच असतं का? तो म्हणाला, डुलला नाही तर घाबर.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. अकरा वर्षं या पवनचक्क्यांवर चढतोय. बाबांच्या मागे मोटर वाइंडिंगचं दुकान मी चौदा वर्षं चालवलं, पण आता जळालेली मोटर कुणी दुरुस्त करत नाही, फेकतात आणि नवी आणतात. दुकानाला कुलूप लागलं. तेव्हा दादाच म्हणाला, माझ्या जोडीचा माणूस सोडून गेलाय, तू ये. तीन महिने कच्ची नोकरी, मग पक्की. मी उंचीला घाबरते हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. लहानपणी गच्चीवर चढून रडत बसायचे तेव्हा उतरवायला तोच यायचा. धडधाकट माणसं काय कमी होती? तरी तूच ये म्हणाला. बहिणीवरची माया, दुसरं काय.

चढताना मी पुढे, तो मागे. पिकअप गाडी मीच चालवायची, अवजारांची पिशवी मीच दोरीला बांधायची. नव्या माणसाने सगळं करायचं अशी इथली रीत आहे म्हणे. माया आहे, पण राबवून घेण्यात कसूर नाही.

४ मार्च, मंगळवार

आज उतरताना दादाकडून एक युक्ती शिकले. तो शिडीची पायरी नुसती हाताने धरत नाही. उजवा हात कोपरापर्यंत पायरीच्या आत घालतो आणि कोपरात पायरी अडकवून खाली येतो. मी विचारलं तर म्हणाला, दमल्यावर असं करायचं. मीही करून पाहिलं. बरं वाटलं, निदान पायरी पोटाशी तरी येते.

जुळ्यांनी ते मनोऱ्याच्या दारातून पाहिलं होतं असं जेवणाच्या सुट्टीत कळलं. जुळे म्हणजे दुसरी जोडी. दोघे नात्याचे नाहीत, एक ताडमाड आणि एक बुटका, पण चहासुद्धा एकत्रच पितात म्हणून जुळे. ताडमाड मला म्हणाला, असं कुणी शिकवलं तुला? हात मोडून बसशील. मी म्हणाले, अकरा वर्षं चढणाऱ्याने शिकवलंय. तो दादाकडे बघत राहिला आणि मग त्याने विषय बदलला. जळतात मेले दादावर.

६ मार्च, गुरुवार

चिंगीने आज पेचात पकडलं. शाळेत विचारलंय, वाऱ्यापासून वीज कशी होते? मी म्हणाले, सोपं आहे, आपल्या दुकानाचं उलट. दुकानात मी मोटरमध्ये वीज घालायचे आणि मोटर फिरायची. इथे वारा फिरवतो आणि वीज बाहेर येते. तांब्याची तीच वेटोळी, तोच लोखंडी गाभा. चुंबक तारेजवळून फिरला की तारेतून वीज वाहायला लागते. फक्त पातं मिनिटाला अठरा वेळाच फिरतं, तेवढ्याने भागत नाही, म्हणून मधे गिअरची पेटी बसवतात. ती अठराचे दीड हजार करते आणि तो दांडा जनरेटर फिरवतो. मग जाडजूड केबल मनोऱ्यातून खाली येते, दाराशी ट्रान्सफॉर्मर दाब वाढवतो आणि वीज गावोगाव जाते.

चिंगी म्हणाली, मग वारा जास्त आला तर जास्त वीज? मी म्हणाले, एका मर्यादेपर्यंत. सेकंदाला पंचवीस मीटरच्या वर वारा गेला की मशीन आपणहून पाती वळवतं, वाऱ्याला धार दाखवतं आणि थांबतं. तिने विचारलं, आणि वळवूनही पातं तुटलं तर? मी म्हणाले, अभ्यास कर. सात टनांचं एकेक पातं आहे हे तिला सांगितलं नाही. मला स्वतःलाही ते आठवायचं नव्हतं.

११ मार्च, मंगळवार

आज नाकात गेले. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येतंय.

तिन्ही पाती जिथे एकत्र येतात त्या पोकळ लोखंडी गोळ्याला इथे नाक म्हणतात. आधी ब्रेक लावायचा, मग माझ्या मांडीएवढी जाड खीळ आत सरकवायची म्हणजे पाती हलत नाहीत, आणि मग भोकातून रांगत आत जायचं. सातव्या मशीनच्या एका पात्याचं काम होतं. पात्याच्या बुडाशी गोल कडं असतं, त्यावर अठ्ठेचाळीस बोल्ट. अख्खं पातं त्या बोल्टांवर टांगलेलं.

काम म्हटलं तर साधं. लांब दांड्याचा पाना बोल्टला लावायचा आणि अंगाचा भार घालून ओढायचा. जेवढा आवळायला हवा तेवढा आवळला गेला की पाना टक करतो. पाना एकाच्या हातात, कान दुसऱ्याचे. टक ऐकला की दुसऱ्याने मार्करने बोल्टवरून खालच्या कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. पुढे बोल्ट सैल पडून फिरला तर रेघ तुटलेली दिसते. कागदावरच्या सहीपेक्षा इथे रेघ मोठी. ज्याची रेघ, त्याची जबाबदारी. माझा मार्कर पिवळा.

दादा पान्यावर, मी रेघांवर. माझी तर दातखिळी बसलेली. गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि ते नाक आगबोटीसारखं हलत होतं. वारा आठ होता, म्हणजे सेकंदाला आठ मीटर, तेव्हा आत गेलो. एकोणचाळीस बोल्ट झाले आणि वॉकीटॉकीवर कंट्रोलवाली बोलली की वारा अकरा झालाय, बारा झाला की बाहेर या. दादा घामाने थबथबला होता. पाना खाली टेकवून मला म्हणाला, राहिलेले तू मारतेस का? मी म्हणाले, मला उठताच येत नाहीये, तू आवर पटकन आणि मला खाली ने.  राहिलेले नऊ त्याने धडाधड उरकले. तो म्हणायचा ओढ, मी रेघ ओढायचे. मग खाली आलो.

घरी येऊन दोनदा तोंड धुतलं. ह्यांनी विचारलं कसं झालं, मी म्हणाले मस्त.

१२ मार्च, बुधवार

सकाळी चिंगीने डब्याचं झाकण लावलं. टक आवाज झाला. 

ते शेवटचे नऊ. टक झाला होता का?

पहिल्या एकोणचाळीसांचे आठवतात. एकेक टक आठवतो, कारण प्रत्येक वेळी मला वाटायचं काहीतरी तुटलं. शेवटच्या नवांचा एकही आठवत नाही. दादाचं 'ओढ' आठवतं, माझ्या कानातली धडधड आठवते, वाऱ्याची सूं सूं आठवते. झाला असणारच. दादा काय उगाच ओढ म्हणेल? माझेच कान भीतीने बंद झाले होते. पण मग मी न ऐकता नऊ रेघा ओढल्या. पिवळ्या, सरळ, सुबक. दुकानात एवढी वर्षं एक वेटोळं मोजल्याशिवाय गुंडाळलं नाही, आणि इथे डोळे मिटून नऊ सह्या ठोकल्या.

दादाला सांगावं का? सांगितलं तर परत वर जाऊन बघावं लागेल. म्हणजे परत त्या नाकात. शी, काय माणूस आहे मी! सात टन अधांतरी लटकतंय आणि मला माझ्या गुडघ्यांची पडलीय.

१३ मार्च, गुरुवार

वारा सोळा. कुणी वर जायचं नाही. बारानंतर नाकात बंदी, पंधरानंतर शिडीच बंद. दिवसभर गोदामात बसून दोऱ्या तपासल्या.

दादाने सकाळी आल्या आल्या पहिला प्रश्न विचारला, वारा किती? सोळा ऐकून तो खुर्चीत बसला. मला वाटतं माझ्यासाठीच विचारतो बिचारा. मला वर जायला नको हे त्याला कळतं.

माझी मात्र दोन्हीकडून कोंडी. वारा वाढला तर वर जावं लागत नाही, पण वारा वाढला तर सातव्याचं पातं आणखी जोरात फिरतं. खिडकीतून ते दिसतं. सगळ्यांत मोकळ्या टेकाडावर तेच. त्याच्या खालून रस्ता गेलाय. मी दिवसभर त्या रस्त्यावरची माणसं मोजत बसले.

१४ मार्च, शुक्रवार

देव पावला. सातवं बंद पडलं!

दुपारी कंट्रोलवाली म्हणाली, सातवं आपोआप थांबलंय. मी पाण्याचा ग्लास तसाच धरून उभी राहिले. जुळे जाऊन आले आणि म्हणाले, काही नाही, दारापाशी एक छोटा फ्यूज उडाला होता, नवा घातला. तासाभरात परत सुरू. पण तेवढा एक तास मी पोटभर श्वास घेतला.

त्यात गंमत अशी की दादा नेमका त्याच सुमारास सातव्याच्या दाराला तेल घालायला गेला होता. मी म्हणाले, तुला काही दिसलं नाही? म्हणाला, दार करकरत होतं एवढंच.

१५ मार्च, शनिवार

वारा अठरा. सातवं आज परत बंद. तोच फ्यूज. परत तासभर. पाठीशी कुणीतरी उभं आहे माझ्या.

साहेब मात्र वैतागले. एवढा चांगला वारा वाहतोय आणि मशीन उभं, म्हणजे वीज फुकट चालली. ते जुळ्यांवर डाफरले, जुळे फ्यूजवर डाफरले.

घरी येताना गाडीत दादाच्या मुठीत एक फ्यूज दिसला. मी विचारलं, हा कसला? म्हणाला, आपल्या गाडीच्या रेडिओचा. आपला रेडिओ मी आल्यापासून मुका आहे, तो आता का दुरुस्त करायचाय कोण जाणे. फ्यूज त्याच्या हातातून दोनदा सांडला. दुसऱ्यांदा त्याने उचललाच नाही, मला म्हणाला, तू घे गं जरा.

मी आज सांगणारच होते. तोंडापर्यंत आलं होतं. मग वहिनी दारात उभी दिसली, तिने गरम चहा दिला आणि म्हणाली, तू आल्यापासून मला घोर नाही बाई, वर त्याच्यासोबत आपलं माणूस आहे. मी मूग गिळून चहा प्यायले. दादा दोन्ही हातांनी पेला धरून प्यायला. एवढी थंडी कुठे होती?

१७ मार्च, सोमवार

काल सुट्टी असून झोप नाही. चिंगीला पहाटे विचारलं, माणसाला आवाज ऐकू न येता आवाज होऊ शकतो का? ती म्हणाली, आई, झोप.

आज सकाळी दादाला बोलवायला त्याच्या घरी गेले तर वहिनी त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. पन्नाशीला आलेला माणूस आणि गळ्यापासून खालपर्यंत बायको बटणं लावतेय. मी चेष्टा केली, केवढे लाड! वहिनी हसली नाही. दादा म्हणाला, आता हिला सवय झालीय. मला आमच्या ह्यांनी कधी पिनसुद्धा लावून दिली नाही.

वारा सतरा. सातवं फिरतंय. कंट्रोलवाली सहज म्हणाली की सातव्याची थरथर थोडी जास्त दिसतेय, अजून मर्यादेत आहे. थोडी जास्त. 

१८ मार्च, मंगळवार

उद्या दुपारनंतर वादळ. हवामानाचा इशारा आलाय, तीस मीटर. त्याआधी सकाळी काही तास वारा पडणार, सात-आठवर येणार.

सातवं आज तिसऱ्यांदा बंद पडलं आणि साहेबांचा पारा चढला. त्यांनी फर्मान काढलं की उद्या सकाळी जुळ्यांनी सातव्याची सगळी वायरिंग बघायची, फ्यूजची भानगड कायमची मिटवायची आणि वादळाचा पहिला झोत येईपर्यंत मशीन चालू ठेवायचं. आम्हाला तिसऱ्या मशीनवर पाठवलंय.

दादाने साहेबांना विचारलं, सातव्यावर आम्हीच जाऊ का? साहेब म्हणाले, तुम्ही तर मागच्या आठवड्यात त्याचे बोल्ट केलेत, आता वायरिंगवाल्यांचं काम आहे.   बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, उद्या वारा कितीचा म्हणाले? तीनदा ऐकलं होतं त्याने.

मला राहून राहून भीती वाटतेय. वर जायची भीती, सांगायची भीती, न सांगितल्याची भीती. सगळ्यांत मोठी कुठली ते आज कळलं. तीस मीटरच्या वाऱ्यात ते पातं लटकलेलं असताना मी घरात बसून पोरीला पाढे म्हणून दाखवत असेन, ती. उद्या सांगणार. नोकरी गेली तर गेली. दादाच्याही नावाला बट्टा लागेल, पण तो माझ्या रेघांमुळे लागेल, आणि ते मी साहेबांना स्पष्ट सांगेन.

१९ मार्च, बुधवार

सगळं नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी सात वाजता वारा सात. मी गाडी चालवत होते, दादा शेजारी. तिसऱ्याच्या वळणावर मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

मी म्हणाले, "दादा, सातव्याच्या शेवटच्या नऊ रेघा मी टक न ऐकता ओढल्यात."

तो समोर काचेतून बघत राहिला. मला वाटलं आता ओरडेल. मी पुढे बोलतच राहिले, की माझे कान भीतीने बंद झाले होते, तू आवळलेस हे मला माहीत आहे, पण मी ऐकलं नाही.

"तुझे कान ठीक आहेत," दादा म्हणाला. "टक झालाच नव्हता. नवातला एकही नाही."

मग त्याने उजवा हात माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, बघ, मूठ करतो. बोटं अर्ध्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. जणू दुसऱ्याच कुणाची बोटं होती. आठ महिने झाले, म्हणाला. आधी मुंग्या यायच्या, मग बधिर व्हायला लागलं, आता पाना धरला आहे की नाही ते बघितल्याशिवाय कळत नाही. त्या दिवशी एकोणचाळीसाव्यापर्यंत कसाबसा अंगाच्या भाराने ओढत गेला, पुढे हात सुटलाच. वारा उतरला की तुला घेऊन गुपचूप वर जाईन, तुझ्याकडून आवळून घेईन, असं त्याने ठरवलं होतं. पण वारा उतरेना. म्हणून फ्यूज. तिन्ही वेळा त्यानेच केलं. चांगला काढायचा आणि जळका बसवायचा.

मी गेले दोन आठवडे या वहीत काय काय लिहून ठेवलंय ते सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. कोपरात पायरी. गाडी. पेला. बटणं. मी बधिर होते, त्याचा हात नव्हे.

मला इतका राग आला की भीती कुठल्या कुठे गेली. मी विचारलं, "म्हणजे मला यासाठी आणलंस?"

"हो," म्हणाला. "बाहेरच्या कुणी महिनाभरात साहेबांना सांगितलं असतं. तू सांगणार नाहीस हे मला माहीत होतं."

यावर मला रडू आलं. खरंच सांगितलं नव्हतं ना मी. आठवडाभर.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर बुटका बोलला. सातव्याचा फ्यूज बदलला, वायरिंग ठीक दिसतेय, सुरू करतोय. दादाने वॉकीटॉकी उचलली आणि बोलायचं बटण दाबायला गेला. अंगठा बटणावर होता, पण दाबला जाईना. माझ्याकडे बघितलं त्याने. मी त्याच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला आणि दाबला.

दादा म्हणाला, "सातवं सुरू करू नका. पात्याचे नऊ बोल्ट आवळलेले नाहीत. चूक माझी आहे. माझा हात चालत नाही."

सगळ्या साइटवर ऐकू गेलं असणार.  मग कंट्रोलवाली हळूच म्हणाली, सातवं थांबवून ठेवते. वारा आठ आहे. साधारण दोन तास मिळतील.

आम्ही सातव्यापाशी पोचलो तेव्हा साहेबही आलेले. त्यांचा चेहरा लालबुंद. ते दादाला काही बोलणार तोच ताडमाड मधे म्हणाला, साहेब, ते नंतर, आधी बोल्ट. एकट्याने वर जायला बंदी आहे आणि दादाला तर आता कुणी चढू दिलं नसतं. बोल्ट कुठले ते मलाच माहीत होते. मी पट्टे बांधायला घेतले. पट्ट्यांच्या दोन कड्या लागेनात, त्या ताडमाडने लावून दिल्या.

चढताना रडत होते हे लिहायला हरकत नाही. नाक पुसायला हात मोकळा नव्हता. ताडमाड मागून म्हणाला, कोपर घालू नकोस, मुठीने धर, तुझी मूठ चांगली आहे. मुठीने धरलं.

नाकात शिरलो. नवातल्या तीन रेघा तुटल्या होत्या. माझ्या पिवळ्या सुबक रेघा, अर्धी बोल्टवर आणि अर्धी कड्यावर, मधे बोटभर फट. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ताडमाड म्हणाला, मी मारू का? मी नाही म्हणाले. पाना मी घेतला. चौदा वर्षं मोटरीचे गाभे ओढून काढलेत, खांदे अजून तेच आहेत.

पहिल्या बोल्टला पाना लावला आणि दादाचा आवाज आला, वॉकीटॉकीतून. खाली कुणीतरी त्याच्यासाठी बटण दाबत होतं.

"वाजला का?"

मी ताडमाडला सांगितलं, बटण दाबून वॉकीटॉकी पान्याजवळ धर. अंगाचा सगळा भार घातला. टक. खालून दादा म्हणाला, एक. मग ताडमाडने त्याच्या लाल मार्करने रेघ ओढली. दुसरा. टक. दोन. वारा वाढत होता, नाक हलत होतं, मी भीतीने पांढरीफटक पडले होते असं ताडमाड नंतर म्हणाला, पण त्या आवाजासाठी मी कान लावून होते आणि दुसरं काही ऐकूच आलं नाही. पाचव्या बोल्टला कंट्रोलवालीने वारा दहा सांगितला. सातव्याला अकरा. आठव्याला पाना घसरला आणि माझी बोटं सोलली. नवव्याला मी दोनदा ओढलं, कारण पहिल्यांदा टक माझ्या मनातच झाला असेल अशी शंका आली.

"नऊ," दादा म्हणाला. "दुसऱ्यांदाचाही ऐकला. आता खाली ये."

लहानपणी गच्चीखाली उभा राहून अगदी अशाच आवाजात म्हणायचा.

२० मार्च, गुरुवार

वादळ येऊन गेलं. सातवं पाती वळवून उभं होतं, आता फिरतंय. थरथर नेहमीएवढी.

साहेबांनी कालच संध्याकाळी दादाचे पट्टे आणि हेल्मेट जमा करून घेतलं. चौकशी होईल. फ्यूजचंही विचारतील. माझी कच्ची नोकरी आणखी तीन महिने कच्चीच राहणार. टक न ऐकता रेघा ओढल्या म्हणून. ठीकच आहे. त्यांनी मला काढलं नाही याचंच नवल.

वहिनी माझ्याशी धड बोलली नाही. मी तिच्या दारात गेले तर म्हणाली, तू त्याच्यासोबत होतीस. एवढंच. तिच्या हातात दादाचा शर्ट होता. आठ महिने तिलाही माहीत होतं, पण हे मी तिला म्हणाले नाही.

उद्या मला बुटक्याबरोबर पाचव्यावर पाठवणार आहेत. पाचव्याचं नाक. भीती जशीच्या तशी आहे, ट्रेनिंगच्या बाईंना कळवायला हवं की लिहून काही कमी होत नाही.

२४ मार्च, सोमवार

आज दादाला हाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. मानेतली नस दबली असेल, ऑपरेशन लागेल, हात कितपत येईल सांगता येत नाही, असं पहिल्या डॉक्टरांनी सांगितलंय. वहिनी अजून रुसलेली, सकाळीच तिच्या बहिणीकडे गेली.

दादा माझ्याकडे आला तो शर्ट उघडाच टाकून, वरून कोट घालून. ओट्याशी उभा राहिला, इकडचं तिकडचं बोलला, पाचव्याचं काम कसं झालं विचारलं. मी सांगितलं की अठ्ठेचाळीस मारले, अठ्ठेचाळीस ऐकले, आणि उतरताना एकदा उलटी झाली. तो हसला. मग त्याने कोट काढला आणि माझ्यापुढे सरळ उभा राहिला.

मी वरच्या बटणापासून सुरुवात केली. सहा बटणं आणि दोन बाह्यांची. दादा छताकडे बघत होता. बटण लागल्याचा आवाज काही येत नाही, म्हणून मी प्रत्येक बटण ओढून बघितलं.